फिरंग, रघूजी भोसले यांची

युरोपीय पाते आणि मराठा घडणीची मूठ असलेली अठराव्या शतकातील तलवार. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले (१६९५–१७५५) यांचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. २०२५ पासून ती महाराष्ट्र शासनाच्या संग्रहात आहे.

घडण : जर्मनी, स्पेन, इटलीत घडलेली पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून, विशेषतः पोर्तुगीज व्यापारातून, दख्खनमध्ये येत. त्यांना इथले कारागीर मूठ बसवीत आणि अशा तलवारीला फिरंग म्हणत. सुलतानी फौजांत आणि मराठा सरदारांत तिला सारखाच मान होता. लंडनच्या राजसंग्रहातील, शिवाजी महाराजांची मानली जाणारी ‘जगदंबा’ तलवार याच जातीची. तिचेही पाते युरोपीय आहे. रघूजींच्या फिरंगेचे पाते एकधारी असून मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी (पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी) आहे.

लेख : पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असे लिहिले आहे. तलवारीचे खरे मोल या एका ओळीत आहे. मराठा शस्त्रे बहुधा साधी आणि बिननावाची असतात, त्यामुळे अमुक तलवार अमक्याची हे पुष्कळदा घराण्यातल्या परंपरेवरच मानावे लागते. इथे मालकाचे नाव शस्त्रावरच आहे. शिवाय सेनासाहेबसुभा हा किताब छत्रपती शाहूंनी दिलेला, म्हणून लेख त्याआधीचा असू शकत नाही. पात्यावर युरोपीय कारखानदाराचेही नाव आहे. घडवणारा आणि बाळगणारा अशी दोन्ही नावे एकाच पात्यावर असणे दुर्मीळच, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने सोन्याच्या नक्षीपेक्षा ते अधिक मोलाचे.

मालक : रघूजींनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन तिथला सत्ताधीश चंदासाहेब याला कैद केले. बंगालवरील स्वाऱ्यांनंतर १७५१ च्या तहात नवाब अलिवर्दीखानाने वार्षिक बारा लाखांची चौथाई मान्य केली.

परदेशगमन : १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकरांचा खजिना लुटला गेला, त्यात ही तलवार इंग्रजांच्या हाती पडली असावी, असे मत प्रचलित आहे. ती भेट म्हणून दिली गेली असण्याची शक्यताही मांडली जाते.

पुनरागमन : एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज संस्थेच्या लिलावात मध्यस्थामार्फत शासनाने ती मिळवली. वाहतूक व विमा धरून खर्च ४७.१५ लाख रुपये. ११ ऑगस्टला सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये तिचा ताबा घेतला. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत प्रदर्शित झाली.