नारी समता मंच (पुणे)

नारी समता मंच : स्त्रियांवरील अत्याचार, हुंडा आणि कौटुंबिक छळ यांविरुद्ध काम करणारी पुण्यातील स्त्री-संस्था. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस संपादक व लेखिका विद्या बाळ (१२ जानेवारी १९३७ – ३० जानेवारी २०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. विद्याताई १९६४ पासून किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकात होत्या आणि १९८३ ते १९८६ या काळात त्याच्या संपादक होत्या. १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक काढले. अशा संस्थेचे मोजमाप सहसा मोर्चे, निवेदने आणि कोर्टात झालेल्या शिक्षा यांवरून होते. त्या मापाने मंचाच्या पदरी फारसे पडत नाही, कारण ज्या खटल्याने त्याला उभे केले तो शेवटी निर्दोष सुटकेवर संपला. तरीही छळ सोसणाऱ्या बाईचे म्हणणे तिच्या जिवंतपणी ऐकून घेणारी जागा गावात असली पाहिजे, ही गोष्ट मंचाने पुण्याच्या मध्यमवर्गाला पटवली. त्याचे खरे काम हेच आहे.

पार्श्वभूमी : पुण्याला स्त्रियांसाठी काढलेल्या संस्थांची जुनी परंपरा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज (१८८२), धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६), रमाबाई रानडे यांचे सेवासदन (१९०९) ही त्यांतली ठळक नावे. त्यांतल्या बऱ्याच कामाचा केंद्रबिंदू विधवा, परित्यक्ता, निराधार, म्हणजे नवऱ्याचे छत्र नसलेली बाई हा होता. नवऱ्याच्या घरात नांदणारी सुखरूप आहे, हे त्या काळच्या बहुतेक सुधारकांनी धरून चालले होते. १९७५ नंतरच्या चळवळीने नेमके याच गृहीतावर बोट ठेवले. महाराष्ट्रात तिला धार आली ती देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या तरुणीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्याने (मथुरा प्रकरण). सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडले आणि १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. दिल्ली आणि हैदराबादेत हुंड्याविरुद्ध निदर्शने चालू होतीच. मात्र मथुरेवरचा अन्याय पोलीस ठाण्यात झाला होता, तर पुण्यात प्रश्न उभा राहिला तो सुशिक्षित, खात्यापित्या घराच्या बेडरूममधला.

मंजुश्री सारडा प्रकरण : माहेर बीडचे असलेल्या मंजुश्री यांचे लग्न ११ फेब्रुवारी १९८२ रोजी झाले आणि ११-१२ जूनच्या रात्री पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. संसार अवघ्या चार महिन्यांचा. मृत्यूचे कारण पोटॅशियम सायनाइड हे विष. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मुर्तझा फजल अली, न्या. वरदराजन व न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या खंडपीठाने १७ जुलै १९८४ रोजी पतीची निर्दोष मुक्तता केली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोष ठरवायचा तर पाच कसोट्या पुऱ्या व्हाव्या लागतात, हे या निकालाने सांगितले. न्या. फजल अली यांनी त्यांना ‘पंचशील’ म्हटले आणि आजही खुनाच्या खटल्यांत बचावाचे वकील त्यांचा आधार घेतात. मृत व्यक्तीने आधी लिहिलेले किंवा बोललेले पुराव्यात कधी घ्यावे, पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ ची व्याप्ती किती, याचाही या निकालपत्रात सविस्तर ऊहापोह आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला पतीच्या नावाने माहीत असतो. मंचाने तो तिच्या नावाने लोकांपुढे ठेवला.

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा मंजुश्री यांची पत्रे हा आहे. पुण्याहून त्यांनी बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. नवऱ्याची बेपर्वाई, घरातले एकटेपण आणि खचत चाललेले मन त्यांत उतरले आहे. माहेरी आल्यावर त्यांनी घरच्यांनाही हे सांगितले होते, अशी साक्ष झाली, आणि त्यानंतर त्या पुन्हा पुण्याला गेल्या. फिर्यादी पक्षाने या पत्रांत छळाची साखळी पाहिली. सर्वोच्च न्यायालयाला त्यांत एक हळवी, निराश झालेली तरुणी दिसली, आणि तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता खोडून काढता येत नाही असे त्याने ठरवले. म्हणजे पत्रे तीच, अर्थ मात्र एकमेकांविरुद्ध. पण दोन्ही अर्थांत एक गोष्ट तशीच उरते. ती बोलली होती, पुन्हापुन्हा बोलली होती, आणि ऐकणाऱ्यांपाशी तिला परत पाठवण्यापलीकडे काही उपाय नव्हता. लेकीचे गाऱ्हाणे ऐकून हळहळायचे आणि ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून एसटीत बसवून द्यायचे ही त्या काळी सर्रास रीत होती. तीत दुष्टपणा नव्हता. लग्न मोडण्याची धास्ती, धाकट्या बहिणींच्या लग्नांची काळजी आणि दुसरी वाट नसणे यांतून ती चालत आली होती. संस्थेची गरज होती ती इथे.

‘मी एक मंजुश्री’ : याच सुमारास पुण्यात शैला लाटकर यांचाही मृत्यू गाजला. या दोन मृत्यूंच्या निमित्ताने मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन तयार केले आणि ते महाराष्ट्रभर फिरवले. निवेदन मंत्र्याच्या टेबलावर जाते, मोर्चा शहरातल्या रस्त्यावरून जातो. गावोगावी मांडलेल्या प्रदर्शनापुढे मात्र सासू, सून, नणंद आणि शाळेतल्या मुली एकाच रांगेत उभ्या राहतात. घरात जो विषय निघाला की आवाज खाली येतो, त्यावर परक्या गावच्या बायका उघडपणे बोलताना दिसल्या की आपलेही सांगायला धीर येतो. प्रदर्शन पाहून बायका आपापल्या कहाण्या सांगू लागल्या आणि त्यातून मंचाचे ‘बोलते व्हा’ हे केंद्र उघडले. आधी लोकांपुढे जाणे आणि मग लोकांनी आणून दिलेल्या कामासाठी केंद्र काढणे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. न्यायालयाने निर्णय देण्याआधीच चळवळीने एका माणसाला दोषी ठरवले आणि पुढे तो निर्दोष सुटला. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. फाशीच्या शिक्षेपर्यंत गेलेल्या माणसाच्या बाबतीत लोकक्षोभाची किंमत फार मोठी असू शकते, आणि पंचशीलाच्या कसोट्या प्रत्येक नागरिकाच्या संरक्षणासाठी आहेत. पण आक्षेपामागे एक गृहीत दडलेले आहे, ते असे की खून सिद्ध झाला नाही तर चळवळीचा प्रश्नच उरत नाही. तसे नाही. न्यायालयापुढचा प्रश्न एका आरोपीने विष दिले की नाही एवढाच होता. ती आत्महत्या असेल असे मानले, तरी चार महिन्यांच्या संसारात एका तरुणीला मरण जवळचे का वाटावे, याचे उत्तर त्या निकालात नाही, आणि ते देणे न्यायालयाचे काम नव्हते. १९८२ मध्ये कायद्यातही त्यासाठी जागा नव्हती. खून किंवा आत्महत्येस चिथावणी सिद्ध करायची, नाहीतर प्रकरण मिटवायचे, एवढ्याच वाटा होत्या. रोजचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम ४९८अ मुळे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि छळ झाल्याचे दिसले, तर पती किंवा सासरच्यांनी त्यास चिथावणी दिली असे न्यायालयाला गृहीत धरता येईल, हे पुरावा अधिनियमाचे कलम ११३असुद्धा त्याच वर्षीचे. अशा मृत्यूंत शवविच्छेदन व दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीची तरतूदही त्याच दुरुस्तीत आली, आणि हुंडाबळीचे कलम ३०४ब १९८६ मध्ये आले. हे श्रेय एकट्या पुण्याच्या मंचाचे नाही. देशभरच्या अनेक लहान संस्थांचा तो एकत्रित रेटा होता. मंजुश्री प्रकरणात कायद्याला जो प्रश्न विचारताच आला नव्हता, तो या दुरुस्त्यांनी विचारण्याजोगा केला, एवढे मात्र नि:शंक म्हणता येते.

समुपदेशन : अशा केंद्रांची कामाची पद्धत आता रुळली आहे. आधी बाईचे म्हणणे एकटीला बसवून ऐकायचे, सोबत आलेल्या आईला किंवा भावाला बाहेर थांबवायचे, कारण त्यांच्यासमोर पुष्कळ गोष्टी ओठांवर येत नाहीत. मग नवऱ्याला पत्र, नंतर एकत्र बैठक, ठरलेल्या गोष्टी लेखी, आणि बाई वेगळी होणार असेल तर स्त्रीधनाची यादी, दागिन्यांपासून भांड्यांपर्यंत. मारहाण थांबत नसेल तर पोलीस ठाणे. तिथे नुसत्या एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) बोळवण होऊ नये म्हणून कार्यकर्ती सोबत जाते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच गरजेतून. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी ही साधने हाती आली. त्याआधीची वीस-बावीस वर्षे संस्थांनी केवळ माणसे जोडून हे काम निभावले.

समुपदेशन म्हणजे तडजोड, आणि तडजोड म्हणजे बाईला पुन्हा त्याच घरात ढकलणे, असा आरोप चळवळीच्या आतूनच होतो. काही ठिकाणी तो खराही आहे. जिथे संसार टिकवणे हेच यश मानले जाते तिथे समुपदेशक सासरच्यांचा वकील होऊन बसतो. पण बाईला परत जायचे असते तेव्हा तिला अडवण्याचा हक्कही संस्थेला नाही. ती परत गेली तरी फरक असा पडतो की आता तिचे नाव एका वहीत आहे, नवऱ्याने एका बैठकीत सही केलेली आहे, आणि महिन्याभराने कोणीतरी विचारणार आहे हे त्या घराला ठाऊक आहे. ही वही गोपनीय असते, म्हणून कोणत्याही इतिहासात येत नाही. गाजलेला खटला कोशात शिरतो आणि टळलेला मृत्यू नोंदीबाहेर राहतो. अशा संस्थांना कमी लेखले जाते त्याचे मोठे कारण हे आहे.

दुसरा आक्षेप कलम ४९८अ च्या गैरवापराचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये (राजेश शर्मा प्रकरण) तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवाव्यात असे निर्देश दिले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत अहमदनगरच्या महिला वकिलांची ‘न्यायाधार’ ही संस्था होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने समित्यांचा तो भाग रद्द केला. खोट्या तक्रारी होतात हे नाकारण्याचे कारण नाही आणि त्यावर अटकेचे नियम कडक करणे हा उपाय आहेच. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) वेगळेच चित्र दाखवते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाची मदत मागितली होती आणि ७७ टक्के स्त्रिया कोणापाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. ज्या समाजात चारांतल्या तिघी गप्प राहतात, तिथे जास्त तक्रारी होतात ही मुख्य चिंता ठरू शकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. शहरी, मध्यमवर्गीय, बहुतांशी उच्चवर्णीय स्त्रियांनी उभ्या केलेल्या या चळवळीला शेतमजूर आणि दलित स्त्रियांवरचा अत्याचार पुरता दिसला नाही. त्यांच्या बाबतीत मारणारा हात घरातला असतो तसा गावातल्या वरच्या जातीचाही असतो, आणि माहेर-सासरच्या चौकटीत तो मावत नाही. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये ही मांडणी नेमकेपणाने केली. दलित स्त्रियांनी १९९० च्या दशकात आपल्या स्वतंत्र संघटना काढल्या, त्याही याच उणिवेतून. एका शहरातल्या संस्थेने आपल्याच वर्गाचे बंद दार आधी ठोठावले, यात गैर नाही. तेवढ्याला सगळ्या स्त्रियांचा लढा म्हणणे मात्र चुकीचे होते.

पुरुषांसोबतचे काम : पुरुषांशी संवादाची वेगळी केंद्रे व गट विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून पुण्यात सुरू झाले.

मंदिरप्रवेश : शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. त्याविरुद्ध विद्या बाळ व ॲड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. महाराष्ट्र हिंदू उपासनास्थळ प्रवेश अधिनियम, १९५६ ची अंमलबजावणी करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्पष्ट केले.