उसनी ढाल

मला मलेरिया दोनदा झालाय. पहिल्या वेळी आई म्हणाली, "एकदा होऊन गेला ना, आता परत नाही व्हायचा." तिच्या डोक्यात गोवर होता. पुढच्याच पावसाळ्यात मी पुन्हा दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतो. (माझा व्हायव्हॅक्स, पुढची गोष्ट फाल्सिपेरमची. जात वेगळी, खोड तीच.) मग प्रश्न पडला, जिथे हा ताप पाचवीला पुजलेला, तिथली माणसं तगतात कशी?

शोधता शोधता पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात पोचलो. १९४९ साली इयान मॅकग्रेगर हा स्कॉटिश डॉक्टर तिथे गेला आणि केनेबा नावाच्या खेड्यात वर्षानुवर्षं रक्त तपासत राहिला. मोठ्या माणसांच्या अंगात परजीवी असायचे, तरी ती शेतात राबायची. एक ते पाच वर्षांची मुलं मात्र दगावायची. आणि नुकती जन्मलेली बाळं? पहिले काही महिने ती बरीचशी सुरक्षित असायची. ज्यांना मलेरियाचा काहीच अनुभव नाही, तीच!

मॅकग्रेगरला संशय होता, की संरक्षण रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिनमध्ये आहे. १९६१ साली त्याने लंडनच्या सिडनी कोहेनसोबत सरळ प्रयोग केला. गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातून ते वेगळं काढलं आणि तापाने फणफणलेल्या लहान मुलांना टोचलं. काही दिवसांत परजीवींची संख्या धाडकन खाली आली. ब्रिटिश रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिनने असं काही झालं नाही. आजारी पोरांवर असा प्रयोग, हे वाचताना मी जरा अडखळलो. पण उत्तर मिळालं होतं: आईने वर्षानुवर्षं ताप काढून कमावलेल्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे जातात. ही ढाल उसनी. काही महिन्यांत ती विरते, आणि मग पोराला स्वतःची कमवावी लागते, एकेक ताप सोसून.

इथवर गोष्ट गोड आहे. पण ही ढाल देणारी आईच पहिल्या बाळंतपणात कोलमडते. लहानपणापासून मलेरिया पचवलेली बाई पहिलटकरीण झाली, की तिला पुन्हा जोरदार लागण होते. रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्रास घटतो. असं का, हे कळायला १९९६ उजाडलं.

मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियात बाळंतिणींच्या वारेतले परजीवी तपासले. लागण झालेली रक्तपेशी प्लीहेत जाऊन मरू नये म्हणून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. वारेतल्या पेशी मात्र काँड्रॉइटिन सल्फेट ए या वेगळ्याच रेणूला चिकटत होत्या. म्हणजे गरोदरपणात परजीवीला चिकटायला एक कोरी जागा मिळते, आणि तिथे चिकटणाऱ्या वाणाशी बाईच्या शरीराची कधी गाठच पडलेली नसते. आमच्या भाषेत, अँटीव्हायरस चालू आहे, पण या फाइलची ओळख त्याच्या यादीतच नाही. त्याच गावातल्या पुरुषांकडे या अँटीबॉडीज सहसा सापडत नाहीत. सापडतात त्या दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांकडे.

त्या चिकट प्रथिनाचं नाव व्हीएआर२सीएसए. त्यावरच्या लशी अजून चाचण्यांतच आहेत. तोवर आफ्रिकेत गरोदर बायकांना तपासणीला आल्यावर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या गोळ्या देतात, आणि सोबत मच्छरदाणी.