आलूच्या वाणालाही मुदत असते



दिवाळी जवळ आली की परसबागेत आलू लावायची बोलणी सुरू होतात, आणि गटागटांतून एकच मागणी येते: रोग न येणारं बेणं सांगा. मागणी रास्त आहे. बेण्याला पैसा लागतो, आणि घरच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर औषध फवारायची कोणाची इच्छा नसते. पण रोग न येणारं वाण म्हणजे नेमकं काय, हे आलूच्या इतिहासातूनच नीट कळतं. म्हणून आज आम्ही तो इतिहास सांगणार आहोत.

आपण वर्ध्याकडे आलू म्हणतो, पुण्याकडे बटाटा म्हणतात. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. हे पीकही समुद्रापलीकडून आलं. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू-बोलिव्हियाकडे. तिथले शेतकरी एकाच शेतात अनेक जातींचे आलू लावत. रोग आला, थंडी पडली, तरी काही जाती तगत आणि घरात खायला उरत.

बाहेरच्या जगाने आलू नेला, पण ही रीत नेली नाही. आलूचं आपण बी पेरत नाही, कंद लावतो. ऊस, केळी, हळदीसारखंच. बियापासून आलेली लेक आईपेक्षा थोडी वेगळी निघते, कंदापासून आलेलं झाड मात्र हुबेहूब तेच असतं. त्यामुळे एका झाडाला जो रोग मारतो, तो त्या वाणाच्या सगळ्या शेताला मारू शकतो.

आयर्लंडमध्ये हेच घडलं. तिथली गरीब कुटुंबं जवळजवळ आलूवरच जगत, आणि त्यांच्या शेतांत ‘लंपर’ नावाचं एकच वाण फार मोठ्या प्रमाणावर होतं. 1845 साली तिथे करपा आला. पानं काळी पडली, जमिनीतले कंद सडले. पुढची काही वर्षं हेच चाललं. सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि साथीने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात तिथून धान्य बाहेरदेशी विकलं जात होतं, हेही लक्षात ठेवावं. पीक रोगाने नेलं, पण माणसं मेली ती गरिबीने आणि सरकारच्या बेपर्वाईने.

हा करपा 1870 ते 1880 च्या दरम्यान आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरांत पोचला. त्याला उशिरा येणारा करपा म्हणतात. स्वातंत्र्यानंतर 1949 साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली आणि 1956 मध्ये ती शिमल्याला गेली. शिमल्याजवळ कुफरी नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे दिवस मोठा आणि हवा थंड, त्यामुळे आलूला भरपूर फूल येतं, फळ धरतं आणि दोन जातींचा संकर करता येतो. म्हणून या संस्थेच्या वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं. रोगाशी झुंजायचा गुण मात्र बराचसा मेक्सिकोच्या डोंगरांतल्या एका रानटी आलूकडून आला. जगभरच्या संशोधकांनी तो गुण संकरातून खाण्याच्या आलूत उतरवला.

1968 साली ‘कुफरी ज्योती’ आली. करप्याला ती चांगली टिकत होती, म्हणून डोंगरापासून पठारापर्यंत पसरली. पण रोगाचा जंतूही बदलतो. वर्षानुवर्षं समोर एकच वाण आलं की त्याला भेदणारे जंतू वाढत जातात. ज्योतीचं तेच झालं. वाण तेच राहिलं, पण करपा अडवायची तिची ताकद पहिल्यासारखी राहिली नाही. म्हणजे प्रतिकारशक्तीलाही मुदत असते, फक्त ती पोत्यावर छापलेली नसते.

1972 साली आलेल्या एका वाणाचं नाव चक्क मराठी आहे: ‘कुफरी लवकर’. ते आपल्या पठारी भागासाठी काढलं. करप्यापुढे ते कच्चं आहे, पण अडीच-पावणेतीन महिन्यांत तयार होतं. रोग आणि ऊन जोर धरायच्या आत पीक घरात आणणं, हाही रोगाला चुकवायचा एक मार्गच आहे.

आता आपल्या नालवाडीचं पाहू. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर आलू पावसाळ्यात घेतात. तिथे ओल आणि ढग, म्हणून उशिरा येणाऱ्या करप्याची भीती मोठी. आपल्याकडे आलू हिवाळ्यात. हवा कोरडी असते, म्हणून हा करपा मुख्यतः ढगाळ, पावसाळी दिवस लांबले तरच जोर करतो. आपल्याला जास्त छळतात ते दुसरे तीन: जुन्या पानांवर गोल-गोल वलयांचे तपकिरी डाग पाडणारा लवकर येणारा करपा, मावा किडीमुळे पसरणारे पानं मुरडणारे विषाणू, आणि मर.

विषाणूवर वाण बदलून फारसं भागत नाही, बेणं निरोगी लागतं. पूर्वी असं बेणं थंड डोंगरांतून यायचं, कारण तिथे मावा कमी. मग डॉ. पुष्करनाथ यांनी मैदानातच बेणं करायची रीत बसवली: मावा कमी असतानाच पीक वाढवायचं आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा. आज पंजाबातून येणारं बेणं याच रीतीवर उभं आहे. ज्वारी-तुरीचं बी आपण अभिमानाने घरी राखतो, पण आलूचं तसं नाही. घरचा कंद वरून चांगला दिसतो आणि आत विषाणू साठवत जातो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात तो दिवाळीपर्यंत टिकवणं कठीण. बाजारातला भाजीचा आलू लावणंही तसंच, त्याचं वाण आणि कूळ आपल्याला माहीत नसतं.

म्हणून गटाने काय करावं? 10 फूट लांब, 10 फूट रुंद जागेत दोन फुटांवर सरी आणि वीतभर अंतर धरलं, तर 75 ते 80 लहान कंद लागतात, म्हणजे अडीच-तीन किलो बेणं. 50 किलोचं प्रमाणित बेण्याचं एक पोतं 16 ते 20 घरांना पुरतं. एकटीला पोतं परवडत नाही, गटाला परवडतं. जमलं तर दोन वाणं घ्यावीत. ‘कुफरी पुखराज’ लवकर येणाऱ्या करप्याला टिकतं. 2006 साली आलेलं ‘कुफरी सूर्या’ उष्णता सहन करतं, आणि आपली थंडी थोडी असते. यंदा कोणतं वाण मिळतं आणि कोणतं चालतं, हे सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं.

मर रोगावर मात्र जागा बदलणं हाच मोठा उपाय. टमाटर, वांगी, मिरची ही आलूचीच भावंडं. ती जिथे होती, तिथे दोन-तीन वर्षं आलू नको. त्या वाफ्यात मका, कांदा, मेथी घ्यावी. कंद उघडे पडू नयेत म्हणून मातीची भर द्यावी. हिरवा पडलेला आलू खाऊ नये.

विनोबा 1930 च्या दशकात याच नालवाडीत राहिले आणि सूत कातून त्याच्या मजुरीवर जगता येतं का, याचा त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. रोजचा हिशोब ठेवल्याशिवाय असा प्रयोग होत नाही. आपणही गटाच्या वहीत आलूचं एक पान ठेवू: वाण कोणतं, कुठून आणलं, कधी लावलं, कोणता रोग कितव्या दिवशी दिसला, किती किलो निघालं. कुठल्या वाणाची मुदत आपल्या गावात संपत आली आहे, हे दुकानदाराच्या आधी त्या पानावरून आपल्याला कळेल.