नकार आलाय? मग १८५५ ची ही गोष्ट वाचा

मागच्या आठवड्यात सुट्टीला वळसंगला घरी होतो. तिथेच मेल आला, पेपर नाकारल्याचा. रिव्ह्यूपर्यंत गेलाच नाही. संपादकाच्या दोन ओळी आणि विषय संपला. म्हणून आज प्रयोगशाळा बाजूला ठेवून थोडा इतिहास.

इंग्रजीत पुस्तक काढायचं तर बरेच नवे लेखक आधी लिटररी एजंटला पत्र पाठवतात. त्याला पटलं तर तो प्रकाशक शोधतो. मराठीत हस्तलिखित सहसा थेट प्रकाशकाकडेच जातं. पण दारावर कुणीतरी बसलेलं असतंच. १८५० च्या दशकात पुण्यात असं एक दार होतं, दक्षिणा प्राइज कमिटीचं.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी ती चालू ठेवली, पण कमी करत नेली. त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या, अशी मागणी सुधारकांनी १८४९ मध्ये केली आणि १८५१ मध्ये ही कमिटी आली.

१८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे दिलं. वय साधारण अठ्ठावीस, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांएवढंच! एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो; शेवटी ते नवरा-बायको शाळेत जायचं ठरवतात. कमिटीने नाटक नाकारलं. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढे लिहिलंय. इथे थांबा: ही लेखकाची बाजू आहे, ती तशीच नोंदवायची. पण ज्यांच्यावर टीका होती, त्यांच्याच जातीचे लोक निवाड्याला बसले होते, हेही सोडायचं नाही.

फुले लिहायचे थांबले नाहीत. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा आला, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’. नाटक मात्र छापून आलं १९७९ मध्ये, तब्बल १२४ वर्षांनी! तेही हस्तलिखित टिकलं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक नकार म्हणजे अन्यायच का? नाही हो. माझं कव्हर लेटर परत वाचलं. मी काय केलं ते सगळं होतं. ते त्या जर्नलच्या वाचकांना का हवं, याची एक ओळ नव्हती. चूक माझीच.

म्हणून नकार आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: माझ्या कामात काय कमी आहे? आणि निवाडा कोण करतंय? फक्त पहिलाच विचारला तर चांगलं काम स्वतःच फेकून द्याल. फक्त दुसराच विचारला तर काम कधी सुधारणार नाही.

मी पत्र बदललंय, पेपर दुसरीकडे पाठवलाय. तुम्हीही फाइल डिलीट करू नका.