फॅक्टरी आणि गोडाऊन

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोलीला गोडाऊनच गोडाऊन. भिवंडीत शिरलात की यंत्रमागांच्या फॅक्टऱ्या. एकीकडे माल ठेवतात, दुसरीकडे बनवतात. फरक सरळ वाटतो.

पण 1613 साली जहांगीर बादशहाच्या परवानगीने इंग्रजांनी सुरतेत उघडलेली 'फॅक्टरी' कापड विणत नव्हती. 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा गुमास्ता. तो जिथे राही, माल साठवी, ती फॅक्टरी. मराठीने तिला नेमके नाव दिले : वखार. विणणारे वेगळेच होते.

विणण्याच्या जागेला आपला शब्द फारसीतून आलेला : कारखाना, म्हणजे कामाचे घर. 1857 नंतर उत्तरेतून भिवंडीत आलेल्या मोमीन विणकरांनी तो शब्द सार्थ केला.

आज त्यांचीच काही नातवंडे-पतवंडे मानकोलीत खोकी रचतात. रोजी हलालच आहे. पण वखारीत हुनर शिकायला मिळत नाही, तो कारखान्यातच मिळतो. म्हणून माग विकण्याआधी थोडा विचार करा.