पट्टीवर न दिसणारी गळती

वर्ध्याहून सेवाग्रामला जाणारा रस्ता माझ्या पायाखालचा. पण भाचीला घेऊन दवाखान्यात जाऊ लागलो, तेव्हा तो फार लांब वाटू लागला. सातव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह झाला. बारावं लागलं तेव्हा लघवीच्या साध्या तपासणीच्या कागदावर ‘अल्ब्युमिन : नाही’ असं आलं. आपा म्हणाली, “अल्ला का शुक्र है, किडनी तरी ठीक आहे.” डॉक्टरांनी मात्र सकाळची पहिली लघवी पुन्हा मागवली. साध्या पट्टीवर मोठी गळतीच दिसते, त्यांना बारीक गळती पाहायची होती.

श्रोतेहो, या बारीक गळतीमागे मोठा इतिहास आहे. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांची वर्णनं छापली. त्या काळी चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. प्रथिन असलं तर ती गढूळ होई. पुढे जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. अशी मुलं जगू लागली आणि वर्षांनंतरचे त्रास दिसू लागले. १९३६ मध्ये, गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले त्याच वर्षी, किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडातल्या गाठींचं वर्णन केलं. पण ते शवविच्छेदनातलं. जिवंतपणी आधी कसं कळणार?

१९६३ मध्ये लंडनमध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अगदी थोडं अल्ब्युमिन मोजण्याची रीत काढली. १९८२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं, की ज्यांच्यात वर्षांपूर्वी ही बारीक गळती होती, त्यांनाच पुढे मूत्रपिंडाचा उघड आजार बहुतेक झाला. १९९३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने सांगितलं, की साखर नीट आवरली तर ही गळती सुरू होण्याचा धोका कमी होतो.

एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे तीस ते तीनशे मिलिग्रॅम अल्ब्युमिन म्हणजे सुरुवातीची खूण. तापात किंवा पळापळीनंतरही आकडा वाढतो, म्हणून काही महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आला तरच ती खरी धरतात. मधुमेहाला काही वर्षं झाली, की अकराव्या वर्षापासून किंवा वयात येताना दरवर्षी ही तपासणी करावी.

भाचीच्या तीनपैकी दोन आकडे जास्त आले. परतताना तिने विचारलं, “मामू, म्हणजे माझी किडनी गेली का?”

“नाही गं,” मी म्हटलं, “जाऊ नये म्हणूनच तर कळलंय.” डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. साखर आणि रक्तदाब सांभाळला, लागली तर गोळी घेतली, तर अनेक मुलांची गळती कमी होते, काहींची थांबते.

कस्तुरबांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी उभा केलेला सेवाग्रामचा दवाखाना आणि १९६९ चं वैद्यकीय महाविद्यालय खेड्यातल्या माणसासाठीच आहे. तुमच्या घरात असं मूल असेल, तर कागदावरच्या ‘नाही’वर थांबू नका. बारीक गळतीची तपासणी झाली का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)