चहाच्या दुकानामागची कलावंतीण

2022च्या जून महिन्यात टेन्सेंट व्हिडिओवर 'मेंगहुआ लू' ही 40 भागांची मालिका सुरू झाली. चीनबाहेर ती 'अ ड्रीम ऑफ स्प्लेंडर' या नावाने गेली. सोळा वर्षं मालिकांपासून लांब राहिलेली ल्यू यीफेई यात नायिका होऊन परतली, त्यामुळे गाजावाजा आधीपासूनच होता. काळ सोंग राजवटीचा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. च्यानतांगमध्ये, आजच्या हांगझोउत, झाओ पान-अर चहाचं दुकान चालवते. ज्याच्या शिक्षणाला तिने आपल्या कमाईतून पैसा पुरवला, तो तिचा नियोजित वर राजधानीच्या परीक्षेत तिसरा येतो आणि मोठ्या घरचं स्थळ मिळताच हिला विसरतो. पान-अर जाब विचारायला राजधानी गाठते आणि तिथेच राहते. सोबतीला सुगरण सुन सान-न्यांग आणि पिपा वाजवणारी सोंग यिनझांग. तिघी मिळून चहाघर काढतात, पुढे मोठं उपाहारगृह. गुप्तहेर खात्यातल्या एका अधिकाऱ्याशी पान-अरचं प्रेम जमतं ते या सगळ्याच्या मधेमधे. खरं सांगायचं तर त्या प्रेमापेक्षा गल्ला, उधारी, भाडं आणि गिऱ्हाईक टिकवण्याच्या युक्त्या यांचीच दृश्यं जास्त रंगली आहेत.

ही पान-अर मालिकावाल्यांनी घडवलेली नाही. तिचं वय सातशे वर्षांच्या पुढे आहे, आणि जन्मली तेव्हा ती चहा विकत नव्हती.

तेराव्या शतकात दादू शहरात, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, ग्वान हानछिंग हा नाटककार होऊन गेला. मंगोलांच्या युआन अमलात राजपरीक्षा अनेक दशकं जवळजवळ बंदच होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या 1315 साली. परीक्षा देऊन हुद्दा मिळवायचा रस्ताच बुजल्यावर बरेच शिकलेले लोक नाटकमंडळ्यांकडे वळले. ग्वानच्या नावावर साठेक नाटकं सांगितली जातात, त्यांतली अठराच्या आसपास हाती आहेत. तो स्वतःही तोंडाला रंग लावून उभा राहायचा, अशी आठवण पुढच्या काळात नोंदवली गेली. त्याच्या एका नाटकात झाओ पान-अर पहिल्यांदा भेटते. धुळीत पडलेल्या बाईला वर काढणं, असा त्या नाटकाच्या नावाचा साधारण आशय. धूळ म्हणजे कलावंतिणींची वस्ती. पान-अर त्याच वस्तीतली, वयाने आणि अनुभवाने मुरलेली कलावंतीण.

या नाटकांची एक अट होती. चार अंक, आणि गायचं एकाच मुख्य पात्राने, बाकीच्यांनी बोलायचं. ग्वानने गाणी कुणाला द्यायची याचा निर्णय घेतला, तिथेच या कथेचं कूळ ठरलं. नाटकात गरीब पण सज्जन पंडित आहे, मार खाणारी सुंदर तरुणी आहे. एखाद्या मवाळ लेखकाने गाणी त्यांच्या तोंडी घातली असती. ग्वानने सगळी पान-अरला दिली, म्हणून आख्खी गोष्ट एका धंदेवाल्या बाईच्या नजरेतून ऐकू येते.

गोष्ट अशी: ब्यानल्यांगची, म्हणजे कायफंगची, सोंग यिनझांग एका पंडिताशी लग्न ठरलेलं असताना झोउ शे नावाच्या, एका अधिकाऱ्याच्या उनाड पोराशी लग्न करते. का, असं पान-अर विचारते. उन्हाळ्यात मी दुपारी झोपले की तो वारा घालतो, थंडीत अंथरूण ऊबदार करून ठेवतो, हे तिचं उत्तर. पान-अर समजावते, पोर ऐकत नाही. झेंगझोउच्या घरात पाऊल ठेवताच झोउ शे तिचा माज उतरवायचा म्हणून पन्नास फटके मारतो. मग जीव वाचव, अशी चिठ्ठी येते.

इथून पुढे ग्वानने जे लिहिलंय ते एखाद्या मुरब्बी वकिलाने वाचावं. पान-अर नटूनथटून झेंगझोउला जाते आणि झोउ शेला नादी लावते: हिला सोडचिठ्ठी दे, मी तुझ्याशी लग्न करते. तो खूश होऊन दारू मागवायला निघतो. नको, माझ्या गाडीत दहा घडे आहेत. मग मेंढा आणतो. नको, शिजवलेला मेंढा मी आणलाय. लाल रेशीम? तेही आहे. हा मानीपणा नव्हे. वराकडची दारू, मेंढा आणि लाल वस्त्र बाईने घेतलं की लग्न ठरलं, असा त्या काळचा रिवाज. उद्या कज्जा झालाच तर त्याच्याकडून घेतलेली एकही वस्तू आपल्या अंगावर निघता कामा नये, याची तजवीज ती आल्या क्षणापासून करत असते.

झोउ शे सोडचिठ्ठी लिहून देतो आणि लगेच पस्तावतो. वाटेत दोघींना गाठून तो यिनझांगला म्हणतो, सोडचिठ्ठीवर पाच बोटांचा ठसा लागतो, यावर चारच बोटं आहेत. ती भाबडी कागद उघडून बघते. तो हिसकावतो, चावून खातो. पण पान-अरने आधीच कागद बदललेला असतो. त्याच्या पोटात गेली ती नक्कल. खरी सोडचिठ्ठी न्यायाधीशापुढे येते, जुना वाङ्निश्चयही येतो, आणि त्याची जामीन म्हणून उभी राहते पुन्हा पान-अरच.

त्या काळी ही पान-अर साकारत कोण असेल? युआन काळात रंगमंचावर बायकाच पुढे होत्या, पुरुषांच्या भूमिकाही त्या करत. शान्सी प्रांतात होंगदोंगजवळच्या जलदेवतेच्या मंदिरात 1324 सालचं एक भित्तिचित्र आहे. एक नाटकमंडळी ओळीने उभी, वर झोंगदू श्यू या नटीचं नाव, आणि मधोमध लाल झग्यात अधिकाऱ्याच्या वेषातली व्यक्ती. ती नटीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ग्वानने झू ल्यानश्यू नावाच्या नटीवर काव्यही रचलं होतं. या बायकांची नोंद सरकारदरबारी हीन वर्गात असे आणि ती आईकडून मुलीकडे जाई. ती नोंद कागदावरून काढून टाकण्याचा हुकूम योंगझेंग सम्राटाने दिला तो थेट 1723 साली. म्हणजे पान-अरचं पात्र लिहिताना ग्वानला कल्पनेच्या भराऱ्या माराव्या लागल्या नसणार. तालमीला येणाऱ्या बायका ज्या कागदांना भीत होत्या, ते कागद त्याला ठाऊक होते.

नाटक टिकलं ते मिंग काळातल्या छापील संग्रहांमुळे, मुख्यतः 1615-16च्या सुमाराला झांग माओश्युनने काढलेल्या शंभर नाटकांच्या. पुढे छिंग अमलात राजधानीच्या रंगमंचावरून बायका हटल्या आणि आपल्या बालगंधर्वांसारखे स्त्रीपार्टी तिथेही राज्य करू लागले. तो भाग मोठा आहे, पण पान-अरच्या स्वभावात त्याने फारशी भर घातली नाही.

आता चहा. मालिकेचं नाव नाटकातून आलेलं नाही, ते एका आठवणींच्या पुस्तकातून आलं आहे. 1127 साली जुर्चेन सैन्याने सोंगांची राजधानी कायफंग जिंकली. दक्षिणेला पळालेल्या मेंग युआनलाओने म्हातारपणी, 1147 साली, त्या हरवलेल्या शहराची आठवण लिहून काढली. गल्लीबोळ, सणवार, खाण्याची दुकानं, आणि पुष्कळ बायका. त्साओ आजीची मांसाची भाकरी होती, 'कुरूप आजी'चं औषधांचं दुकान होतं. एका चहाघरात कृत्रिम गुहा आणि पूल बांधलेले होते. चांगल्या घरच्या बायका रात्री फिरत फिरत तिथे चहाला येत. कंबरेला निळ्या फुलांचं फडकं बांधून, उंच अंबाडा घालून दारूच्या गिऱ्हाइकांना वाढणाऱ्या आसपासच्या बायका होत्या, त्यांना तर वेगळं नावच पडलेलं होतं. मालिकेतली चहावाली पान-अर या बायकांच्या कुळातली. नाटकातून तिने नाव आणि अक्कल घेतली, पुस्तकातून दुकान.

गंमत म्हणजे मालिका घडते झेनझोंग सम्राटाच्या राज्यात, मेंगच्या शहराच्या शंभरेक वर्षं आधी. चहाचंही तेच. तेव्हा चहाच्या दाबलेल्या वड्या भाजून, दळून, चाळून काळ्या वाडग्यात घेत आणि थोडं थोडं गरम पाणी ओतत पांढरा फेस येईपर्यंत घुसळत. अकराव्या शतकाच्या मध्यावर चहावर लिहिणारा त्साय श्यांग घुसळायला चमचा सांगतो. बांबूच्या काड्यांची रवी 1107च्या सुमारास, हुइझोंग सम्राटाच्या चहाग्रंथात येते. पडद्यावर ल्यू यीफेईच्या हातात रवीच आहे. दिसते छान, तक्रार नाही.

झेनझोंगचा काळ निवडण्यामागे मात्र डोकं आहे. त्याची राणी ल्यू सिचुआनची. गाठी लावलेला छोटा ढोल वाजवणारी, एका सोनारकाम करणाऱ्याबरोबर राजधानीत आलेली बाई. नवऱ्याच्या मृत्यूनंतर 1022 ते 1033 तिने पोरवयाच्या सम्राटाच्या वतीने राज्य चालवलं. मालिकेचं राजकारण तिच्या याच पूर्वायुष्याचा पुरावा ठरू शकेल अशा एका चित्राभोवती फिरतं. पान-अरच्या डोक्यावर जी बाई सिंहासनाशी बसली आहे तिचाही भूतकाळ बाजारातला, हे सूत्र मला मालिकेतलं सर्वांत हुशार वाटतं.

आणि सर्वांत भित्रं सूत्रही इथेच आहे. बापाच्या अपराधापायी पान-अर लहानपणी हीन नोंदीत गेली होती, पण तिने फक्त कला विकली, बाकी काही नाही, अशी काळजी मालिका घेते. यावर चीनमधल्या प्रेक्षकांमध्ये जोरदार वाद झाला. बाईच्या बाजूने बोलायचं आणि त्यासाठी आधी तिच्या सोवळेपणाची ग्वाही द्यायची, हा दुटप्पीपणा बऱ्याच जणींना खटकला. मलाही खटकतो, कारण त्यामुळे पान-अरचं कसबच कापलं जातं. झोउ शेसारख्या पुरुषाला कुठल्या शब्दाने पाघळवायचं, तो कधी उलटेल, कुठला कागद आधी बदलून ठेवायचा, हे तिला वस्तीत घालवलेल्या वर्षांनी शिकवलेलं असतं. ती वर्षं धुऊन काढली तर ही हुशारी आली कुठून, ते सांगता येत नाही.

ग्वानची पान-अर काहीच धुऊन काढत नाही. फसलेला झोउ शे तिला विचारतो, तू तर माझ्याशी लग्नाच्या शपथा घेतल्या होत्यास. ती शांतपणे सांगते की आमच्या आळीत धूप-दिव्यासमोर, आकाश-धरित्रीला साक्षी ठेवून शपथ न घेणारी बाई कुठे सापडते, आणि त्या शपथा बाधत असत्या तर आमची घराणी केव्हाच निर्वंश झाली असती. न्यायाधीश झोउ शेला साठ फटके सुनावतो, अधिकाऱ्याच्या पोराची सवलत काढून त्याला सामान्य लोकांसारखी सरकारी वेठ लावतो, आणि यिनझांगला तिच्या पंडिताकडे पाठवतो. पान-अरला मात्र ग्वान कुणाशीच लावून देत नाही.